कोरडे पात्र ही रिकामी जागा नव्हे
खानदेशातील शहरी नद्या, त्यांचे काठ आणि लोकांचा हक्क : एक आढावा

धुळ्याची पांझरा आणि जळगावची गिरणा या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि होळीच्या सुमारास पाहाव्या तर वाळू, गोटे, मधूनच एखादा डोह आणि नाल्यांतून उतरलेले काळे पाणी एवढेच दिसते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस थोडा, तोही चार महिन्यांत उरकणारा. त्यामुळे इथल्या नद्यांना वर्षाचा मोठा काळ कोरडेपणाचा असतो, आणि हा कोरडेपणा काही अलीकडचा नाही. तो त्यांच्या स्वभावातच आहे.

नदीकाठ सुधारण्याच्या योजना मात्र हा स्वभाव मानत नाहीत. काठोकाठ पाणी, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर रोषणाई आणि खाली नौका हे चित्र अहमदाबादेहून किंवा पुण्याहून उचलले जाते आणि कोरड्या पात्रावर ठेवले जाते. दुसरीकडे पात्रात पाणी दिसत नाही म्हणून ते कोणाचेच नाही असे समजून कोणी वाळू उपसतो, कोणी राडारोडा टाकतो, कोणी रस्ता काढतो. या दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: पाणी नाही म्हणजे नदी नाही. खानदेशातल्या नद्या पुन्हा जिवंत करायच्या असतील तर आधी ही समजूत सोडावी लागेल. या लेखात आतापर्यंत काय घडले, काय बिघडले, कोणते प्रयत्न झाले आणि पुढे काय करता येईल याचा आढावा घेतला आहे.

दोन शहरे, दोन नद्या

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून निघते, साक्रीजवळ कान नदीला सोबत घेते, नेरवरून धुळ्यात येते आणि पुढे शिंदखेडा तालुक्यात मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीला मिळते. मराठेशाहीचा अंमल संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खानदेशचे ठाणे म्हणून धुळे निवडले, आणि नव्या पेठेच्या सरळ, क्रमांक घातलेल्या गल्ल्या आखल्या गेल्या. दक्षिणेला हे धुळे, उत्तरेला देवपूर, आणि मधून पांझरा. एकवीरा देवीचे मंदिर याच नदीच्या काठी आहे. कामाला, शाळेला, बाजाराला किंवा देवीला जाणारा धुळेकर रोज पांझरा ओलांडतो. इतकी मध्यभागी नदी असलेली शहरे महाराष्ट्रात मोजकीच आहेत.

जळगावचे तसे नाही. गिरणा शहराच्या पश्चिमेने, बांभोरीच्या पुलाखालून जाते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघून, आरम आणि मोसमचे पाणी घेत, मालेगाव आणि चाळीसगाव-भडगावचा मुलूख भिजवत ती इथवर पोहोचते. तिच्याच परिसरात बांभोरीला 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. आज ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. शहराच्या पोटात मात्र लेंडी नाल्यासारखे ओढे आणि बोरांसाठी नावाजलेल्या मेहरूणचा तलाव हेच पाणी. जळगावकर एके काळी गिरणेचे पाणी पीत. ‘गिरणा पंपिंग’ हे ठिकाणाचे नाव त्याची आठवण ठेवून आहे. आता शहराची तहान वाघूर धरण भागवते. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहते तीच ही वाघूर. धुळ्यालाही तापीचे पाणी नळाने येऊ लागले. नळाचे पाणी दुसरीकडून आले की शहराचे जवळच्या नदीवरचे लक्ष उडते, हे या दोन्ही गावांनी अनुभवले आहे.

नदी वापरण्याची जुनी रीत

खानदेशाला कोरड्या-ओल्या नदीबरोबर राहण्याची रीत माहीत नव्हती असे मुळीच नाही. फड पद्धत ही या भागाने महाराष्ट्राला दिलेली मोठी गोष्ट आहे. पांझरा, मोसम, आरम यांच्या पात्रांत काही शतकांपूर्वी दगडी बंधारे घातले गेले. बंधाऱ्याच्या वर अडलेले पाणी पाटाने शेतांकडे न्यायचे. गावचे लाभक्षेत्र तीन-चार फडांत वाटायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फेरपालट करायचा. पाटकरी पाणी देणार, जागल्या पिकावर लक्ष ठेवणार, आणि नदीला पाणी कमी आले तर कोणते फड पडीक ठेवायचे हे गाव ठरवणार. उपलब्ध पाण्याइतकाच पसारा मांडायचा, हा त्यामागचा विचार. बंधारे ठेंगणे असल्याने पुराचे पाणी त्यांवरून निघून जाई आणि वाळूही पुढे सरके. नदी अडवली जाई, पण तोडली जात नसे.

काठाचा आणि पात्राचा सार्वजनिक वापरही असाच ऋतूंशी बांधलेला होता. नागपंचमीनंतर घरोघर बसलेल्या कानबाई देवीला सोमवारी वाजतगाजत नदीवर नेले जाते. अमळनेरला सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा बोरी नदीच्या वाळवंटात भरते. पात्र कोरडे असते म्हणूनच ती तिथे भरू शकते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार फुलतो. उन्हाळ्यात तापी-गिरणेच्या वाळूत टरबूज आणि डांगरांच्या वाड्या लागत. म्हणजे पूर ओसरला की पात्र लोकांचे होई, आणि पहिल्या पावसाला लोक ते नदीला परत देत. करमणूक, भक्ती आणि शेती यांसाठी पक्के बांधकाम करण्याची गरज कोणाला भासली नाही.

पात्रात कोण राहते

कोरड्या पात्रातली जीवसृष्टी भरल्या तलावासारखी पटकन डोळ्यांत भरत नाही. ती शोधावी लागते. नदी सुरय आणि टिटवी उघड्या वाळूत किंवा गोट्यांत अंडी घालतात. वेडा राघू आणि खंड्या काठाच्या उभ्या मातीच्या दरडीत बिळे करतात. कासवे वाळूत अंडी पुरतात. मासे उन्हाळाभर डोहांत तग धरतात आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा पात्रभर पसरतात, म्हणून एक डोह बुजला तर नदीच्या मोठ्या भागातली पुढच्या वर्षाची मासळी जाते. काठावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज, निर्गुडी आणि पात्रातल्या खडकांत शेरणीची झुडपे ही मूळची वनस्पती. त्यांची मुळे दरड धरून ठेवतात. फळे पाखरांना आणि वटवाघळांना पोसतात.

वाळूचे कामही यातच येते. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी साठते, सावकाश मुरते आणि काठच्या विहिरींना मिळते. उन्हाची झळ वरच्या थरापुरती राहते, त्यामुळे खालचे पाणी उघड्या तलावापेक्षा कमी उडते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो. अशा ठिकाणी वाळूखालचे पाणी आणि काठची सावली या चैनीच्या गोष्टी नाहीत.

या भागात पाणपक्षी टिकू शकतात याचा पुरावा लांब शोधायला नको. भुसावळजवळ तापी-पूर्णेच्या पाण्यावर उभे असलेले हतनूर धरण महत्त्वाचे पक्षीक्षेत्र म्हणून नोंदले गेले आहे आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. धुळ्याच्या नकाणे तलावावर आणि जळगावच्या मेहरूणवरही पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन उभे असतात. पाखरांना उतरायला जागा आणि न घाबरता बसायला काठ मिळाला की ती येतात.

बिघडले कुठे

बिघाडाची पहिली बाजू पाण्याच्या वाटपाची आहे. गिरणेवर ब्रिटिश काळातले चणकापूर आहे, आणि नांदगाव तालुक्यात 1969 साली पूर्ण झालेले गिरणा धरण आहे. पांझरेच्या खोऱ्यात मालनगाव, लाटीपाडा आणि मग धुळ्याच्या वरच्या अंगाला अक्कलपाडा झाले. धरणांनी शेती आणि पिण्याचे पाणी दिले, हे मान्यच केले पाहिजे. पण धरणाखालच्या नदीचा वाटा कोणी राखून ठेवला नाही. आता नदी वाहते ती पूर सोडल्यावर किंवा पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सोडल्यावर. मधल्या काळात तिच्यात फक्त शहरांचे पाणी उतरते.

दुसरी बाजू सांडपाण्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशभरातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले 53 एकट्या महाराष्ट्रातले होते, आणि तापी, गिरणा, पांझरा या तिन्ही नद्या त्या यादीत होत्या. वाहत्या नदीत मैला काही अंशी पातळ होतो. कोरड्या नदीत तो पातळ करायला पाणीच नसते. नाला उतरतो तिथेच डबके होते, त्यावर जलपर्णी आणि डास माजतात. भुयारी गटारांची कामे दोन्ही शहरांत हाती घेतली गेली. मात्र घराघरांची जोडणी होऊन प्रत्येक थेंब शुद्धीकरण केंद्रात पोहोचत नाही तोवर नदीला त्याचा फरक कळणार नाही.

तिसरी आणि सर्वांत खोल जखम वाळूची. बांधकामाची भूक वाढली तशी गिरणा आणि तापीच्या पात्रांत ट्रॅक्टर, डंपर आणि यंत्रे उतरली. छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात बजावले. राज्याने 2023 मध्ये सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले आणि पुढे ते बदलून कृत्रिम वाळूला चालना देण्याचे ठरवले. तरीही रात्रीचा चोरटा उपसा आणि तो अडवणाऱ्या महसूल कर्मचाऱ्यांवरचे हल्ले या बातम्या जळगाव जिल्ह्याला नव्या नाहीत. वाळू गेली की पात्र खचते, काठच्या विहिरींची पातळी उतरते, पुलांचे पाये उघडे पडतात आणि पाण्याखाली न दिसणारे खड्डे तयार होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत नदीवर पोहायला गेलेली मुले त्याच खड्ड्यांत बुडतात. वाळूचा प्रश्न पर्यावरणवाद्यांपुरता मानणाऱ्यांनी या बातम्या एकदा मन लावून वाचाव्यात.

चौथी बाजू काठांपर्यंत आलेल्या वस्तीची. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या भर वस्तीतून जातात. 31 ऑगस्ट 2021 च्या पुराने तिथल्या बाजारपेठेत आणि घरांत पाणी शिरले. पांझरेच्या आणि गिरणेच्या 1872 च्या महापुरात धुळ्यातली शेकडो घरे पडली होती. कोरडी दिसणारी नदी किती जागा परत मागू शकते याची नोंद दीडशे वर्षे आपल्याजवळ आहे.

आतापर्यंतचे प्रयत्न

धुळ्यात गेल्या दशकात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले आणि चौपाटी झाली. लोकांनी संध्याकाळी तिथे गर्दी केली, यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली: शहराला नदीवर यायचे आहे, त्याला मोकळी जागा हवी आहे. पण ऑगस्ट 2019 मध्ये पांझरेला पूर आला तेव्हा काठचे रस्ते पाण्याखाली गेले. चूक लोकांच्या ओढीत नव्हती, जागेच्या निवडीत होती. पुराच्या पट्ट्यात घातलेला भराव आणि काँक्रीट नदीला अरुंद करतात, पाणी उंच चढवतात आणि मग स्वतःही टिकत नाहीत. शिवाय काठ आणि पाणी यांच्यामध्ये भिंत आली की खंड्याची दरड जाते आणि कासवाची वाळूही.

शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले. विहिरींना पाणी आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. त्याच कल्पनेची छाया 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर पडली. प्रदीप पुरंदरे आणि एच. एम. देसरडा यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र वेळोवेळी बजावले की माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे काम सोडून यंत्राने पात्र खोदत सुटणे हे पाणलोटाचे शास्त्र नव्हे. माझेही मत तसेच आहे. गाळाच्या जाड थरांच्या तापीकाठच्या भूगर्भात जे साधले ते बेसॉल्टच्या खडकावर साधेलच असे नाही. आणि सरळ खोदलेल्या नाल्यात डोह, वाळूचे बेट, झाडीचा काठ यांतले काहीच उरत नाही.

याउलट साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने वरच्या टोकाला हात घातला. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी पाळून सुमारे अकराशे एकर जंगल उभे केले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी करून माळावर गवत आणले. शहरातल्या नदीची चर्चा करताना ही गावे आठवायला हवीत. माथ्यावर गवत आणि झाड असेल तर पाऊस जिरून झऱ्यांनी सावकाश येतो. नसेल तर तो माती घेऊन एका रात्रीत येतो आणि निघून जातो. धुळ्याच्या पुलाखाली पांझरा किती दिवस वाहील हे बरेचसे साक्रीच्या डोंगरात ठरते.

कायदा काय सांगतो

राज्याच्या पाटबंधारे खात्याने 1989 मध्येच पूररेषांचे नियम घातले. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. तिथे उद्याने, मैदाने, शेती चालेल. दोन रेषांमधल्या पट्ट्यात निर्बंध पाळून बांधता येईल. म्हणजे नदीकाठ मोकळा ठेवून लोकांसाठी खुला करण्याची तरतूद पूर्वीपासूनच आहे. नदीकाठी प्रदूषण करणारे उद्योग दूर ठेवणारे नदी नियमन क्षेत्र धोरणही राज्यात 2000 साली आले होते, पण 2015 मध्ये ते रद्द झाले. पुढे 2 ऑक्टोबर 2022 रोजी सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ या अभियानात 75 नद्यांची यात्रा सुरू झाली. नद्या पायाखाली घालून समजून घेण्याची ती कल्पना चांगली आहे. तिच्या जोडीला पूररेषेची कठोर अंमलबजावणी आली तरच तिचे चीज होईल.

दुसरीकडून काय घ्यावे

अहमदाबादेत साबरमतीचे सुमारे अकरा किलोमीटर काठ भिंतींनी बांधले गेले आणि पात्र नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने भरून ठेवले गेले. सोल शहराने चेओंगग्येचेओन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून 2005 मध्ये 5.8 किलोमीटरचा ओढा खुला केला. त्यातले पाणी मुख्यतः पंपाने चढवले जाते. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे हे परवडणारे नाही, आणि नैतिकदृष्ट्या योग्यही नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठांच्या प्रकल्पाला नागरिकांनी झाडांच्या आणि पुराच्या मुद्द्यावर केलेला विरोधही इथल्या नियोजकांनी अभ्यासावा.

शिकण्यासारखे म्युनिकचे आहे. तिथे 2000 ते 2011 या काळात इझार नदीच्या आठ किलोमीटर पट्ट्यातले बांधीव काठ काढले, पात्र रुंद केले, गोट्यांची बेटे पुन्हा तयार होऊ दिली. वीजनिर्मितीसाठी वळवलेल्या पाण्यातला वाढीव वाटा नदीला परत दिला. पूरसंरक्षण, निसर्ग आणि पोहण्या-फिरण्याची जागा ही तिन्ही कामे एकाच आराखड्यात साधली, आणि आज लोक त्या गोट्यांवरच बसतात. सिंगापूरनेही 2012 मध्ये कल्लांग नदीचा काँक्रीटचा सरळ कालवा फोडून उद्यानातून वळणे घेणारी नदी केली. पाऊस आला की उद्यानाचा खालचा भाग पाण्याखाली जातो आणि ओसरला की मुले परत खेळू लागतात. हवामान निराळे असले तरी ही रीत अमळनेरच्या यात्रेला परकी वाटू नये.

कामांचा क्रम

या सगळ्यातून खानदेशासाठी एक क्रम निघतो, आणि तो पाळला नाही तर पैसा वाया जातो. सर्वांत आधी सांडपाणी. शहरातला प्रत्येक नाला नदीत उतरण्याआधी अडवून शुद्धीकरणाकडे वळवावा. लहान नाल्यांच्या मुखाशी पाणकणीस आणि कर्दळीचे गाळण-वाफे करता येतात. शुद्ध झालेले पाणी पात्रात सोडले तर तोच उन्हाळ्यातला बारीक प्रवाह ठरू शकतो.

त्यानंतर वाळू. शहरालगतचा पट्टा उपशातून कायमचा वगळावा. पाच-सात पूर वाळू आणतील आणि पात्र स्वतःच भरू लागेल. डोहांची यादी करून त्यांना धक्का लावण्यास बंदी घालावी.

मग पाणी. गिरणा आणि अक्कलपाडा धरणांच्या आवर्तनांत नदीसाठी म्हणून एक छोटा, पण लेखी वाटा ठरवावा. फड पद्धतीत टंचाईचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा असे; त्या वाटणीत आता नदीलाही धरावे.

या तीन कामांनंतरच काठ. निळ्या रेषेच्या आत फक्त मातीच्या पायवाटा, दगडी पायऱ्यांचे मोजके घाट आणि देशी झाडे. शोभेच्या ताडांऐवजी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन लावावेत. वेडी बाभूळ आणि बेशरम टप्प्याटप्प्याने काढावी. दोन्ही काठ लोकांसाठी खुले करू नयेत. एका काठावर माणसांनी फिरावे, दुसऱ्या काठाचा काही भाग पाखरांसाठी अंधारा आणि निवांत ठेवावा. रस्ता, वाहनतळ आणि दुकाने रेषेबाहेर.

पायवाटेवर सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि दिवेलागणीपर्यंत बाया-मुलींना निर्धास्त बसता येईल असा कट्टा हवा. पात्रात मुले क्रिकेट खेळतात, त्यांना हुसकू नये. कानबाई आणि गणपतीच्या विसर्जनासाठी काठालगत वेगळी कुंडे असावीत. नदीकाठी राहणाऱ्या गरीब कुटुंबांचे पुनर्वसन त्यांच्या कामाच्या जागेजवळ करावे; नदीचे भले त्यांच्या उद्ध्वस्त होण्यातून व्हायला नको.

या कामाला माणसे आहेत. बांभोरीचे विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये दरवर्षी पक्षी, मासे, झाडे आणि विहिरींची पातळी मोजून ती जाहीर करू शकतात. पाच वर्षांची अशी वही झाली की कोणता प्रकल्प नदीला मानवला आणि कोणता नाही हे भाषणांवरून ठरवावे लागणार नाही.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या शहरात नदीकाठच्या कुठल्याही नव्या कामाचे भूमिपूजन होईल तेव्हा महापालिकेला लेखी तीन प्रश्न विचारा: या आराखड्यात निळी रेषा कुठे आहे, नाल्यांचे पाणी कुठे जाणार आहे, आणि वाळूला हात लागणार आहे का. ही उत्तरे मिळेपर्यंत पांझरेच्या किंवा गिरणेच्या पात्रात काँक्रीटचे एक घमेलेही पडू देऊ नका.